जिभेखालची गोळी



मला कवी म्हणून ओळखणाऱ्यांची आज थोडी निराशा होईल. आज कविता नाही. आज एका गोळीबद्दल बोलायचं आहे. पुरुषाच्या लिंगाला ताठरता येत नाही, किंवा आली तरी टिकत नाही, तेव्हा घेतात ती गोळी. आणि ती घेतल्यावर शरीरात आणखी काय काय होऊ शकतं, हा विषय. कार्यक्रम अधिकाऱ्यांना मी फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग ते म्हणाले, "सर, यासाठी डॉक्टरांनाच बोलावू या का?" मी म्हटलं, जरूर बोलवा. पण डॉक्टर जे सांगतील ते गोळीच्या पाकिटातल्या कागदावरही छापलेलं असतं आणि तो कागद कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता. तेव्हा बोलायला मी येतो, मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतो. तसा तो घेतला आहे. घरातल्या दोन माणसांची परवानगीही घेतली आहे. एक आमच्या बेगमसाहेब. त्यांची अट एकच, त्या रात्री घरात पसारा किती होता ते सांगायचं नाही. ते सांगत नाही. दुसरं माणूस कोण, ते बोलण्याच्या ओघात येईल.

मी मिरजेचा. मिरज हे सतारींचं गाव आणि दवाखान्यांचं गाव. कर्नाटकापासून लोक इथं उपचाराला येतात. आमच्या गल्लीतून दगड मारला तर तो कुठल्या तरी डॉक्टरच्या पाटीला लागेल. अशा गावात राहून मी औषध आणायला सांगलीला गेलो. कारण उघड आहे. मिरजेतल्या प्रत्येक मेडिकलवाल्याला माझा मधुमेह माहीत, माझे अब्बा माहीत, आणि दोघातिघांना माझ्या कवितासंग्रहाचं नावही माहीत.

2022 चा डिसेंबर. मी 53 वर्षांचा. मधुमेहाला आठ वर्षं झालेली. वर्षभरापासून ही तक्रार सुरू झाली होती. मी काय केलं? रात्री उशिरापर्यंत लिहीत बसू लागलो. कवीला ही सोय असते, उशिरा झोपायला कारण सांगावं लागत नाही. माझ्या त्या वर्षभरातल्या कविता विरहाच्या आहेत असं एका समीक्षकांनी लिहिलं. त्या विरहाच्या नव्हत्या, पळपुटेपणाच्या होत्या. पलीकडच्या खोलीत जागं असलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे मी त्या सबंध वर्षात एकदाही विचारलं नाही.

सांगलीतल्या त्या दुकानात गर्दी कमी होईपर्यंत मी समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. मग काउंटरवर गेलो आणि नाव न घेता बोललो, "ती... पुरुषांची असते ना." मुलगा विशीतला असेल. त्यानं वर पाहिलंही नाही. चार गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापली, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली आणि दिली. चिठ्ठी मागितली नाही, वय विचारलं नाही, छातीचं काही दुखणं आहे का ते विचारलं नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं पट्टीवर छापलेलं असतं. पण तो मजकूर नेमका पुडीच्या आत गेला. खरं सांगायचं तर त्यानं काही विचारलं नाही याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं. चोरून घेणारा आणि चोरून देणारा, दोघं एकमेकांच्या सोयीचे असतात.

गोळी 100 मिलिग्रॅमची होती, सिल्डेनाफिल. साधारणपणे डॉक्टर 50 पासून सुरुवात करतात. वय पासष्टच्या पुढं असेल किंवा यकृत-मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर 25 पासून. दिवसाची कमाल मर्यादा 100, आणि तीही एकदाच. यातलं मला काही माहीत नव्हतं.

त्या दिवशी नात्यात वलीमा होता. गोश्त, बिर्याणी, वर गोड. मधुमेही माणसानं जे खाऊ नये ते सगळं खाऊन मी घरी आलो आणि झोपायच्या आधी गोळी घेतली. तासभर काहीच नाही. तेलकट, तुपकट जेवणावर ही गोळी घेतली तर ती रक्तात उतरायला जास्तीचा तासभर लागतो, हे मला नंतर कळलं. ती इच्छा उत्पन्न करत नाही, इच्छा असेल तर शरीराला साथ देते, हेही नंतरच कळलं. मी समजलो, गोळी नकली. म्हणून दुसरी घेतली.

रात्री साडेअकराच्या सुमाराला डोकं ठणकायला लागलं. कानशिलं तापली, चेहरा लाल झाला, नाक चोंदलं. तिथवर ठीक होतं. मग मी वर पाहिलं, तर ट्यूबलाइट निळी दिसायला लागली होती. भिंतही निळसर, चादरही निळसर. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. आणि त्याच वेळी छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. मधुमेही माणसाला छातीत काही झालं की पहिला विचार एकच येतो. मी हाक मारली.

श्रोतेहो, इथं घराची रचना सांगावी लागेल. खालच्या खोलीत आमचे भाईजान आणि भाभी राहतात. भाईजान माझ्याहून 11 वर्षांनी मोठे, हृदयाचे रुग्ण. त्यांच्या उशाशी एक छोटी डबी असते. त्यात सॉर्बिट्रेट. ही गोळी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत अशीच उशाशी असते. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची, हे आमच्या घरात पोरासोरांनाही पाठ आहे. बेगमनं माझा चेहरा पाहिला, छातीवरचा हात पाहिला आणि ती थेट खाली धावली. डबी घेऊन आली. पाठोपाठ भाईजानची मुलगी. ती तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिनं माझी नाडी धरली आणि विचारलं, "चाचा, आज और कोई दवा लिए क्या?"

दारात भाभी. जिन्यात भाईजान, एक हात कठड्यावर. समोर बेगम, तळहातावर गोळी घेऊन. आणि विचारणारी पोर माझ्या मांडीवर खेळलेली.

मी म्हटलं, "नहीं बेटा. वही शुगर की."

खोटं बोलायला मला अर्ध्या क्षणाचाही विचार करावा लागला नाही. इतकी वर्षं लिहितोय, पण इतकं सफाईदार वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. पोर रक्तदाबाचं यंत्र आणायला खाली गेली. बेगमनं गोळी माझ्या ओठांशी आणली, "जबान के नीचे रखो जी." गोळीत काही धोका आहे हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की पोरीनं प्रश्न उगाच विचारला नसणार; तिच्या आवाजात काही तरी होतं. मी बेगमचं मनगट धरलं. म्हटलं, "रुको. सांगली से एक गोली लाया था. दो खाया." कसली गोळी ते सांगावं लागलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मूठ मिटली, आणि जिन्याकडे तोंड करून पोरीला हाक मारली.

ती गोळी जिभेखाली गेली असती तर काय झालं असतं? हे मला पुढं डॉक्टरांनी समजावलं. त्यांच्याच आधारानं, पण माझ्या भाषेत सांगतो.

आमच्याकडे उसाला पाटाचं पाणी देतात. पाटाला जागोजागी दारं असतात. दार उघडलं की पाणी शेतात शिरतं. शरीरात रक्तवाहिन्यांची दारं उघडायला सांगणारा एक निरोप असतो. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तो निरोप घेऊन येतो आणि त्यातून सायक्लिक जीएमपी नावाचं रसायन तयार होतं. ते असेतो स्नायू सैल, दार उघडं, रक्त आत. काम झालं की पीडीई-5 नावाचं एन्झाइम येतं आणि निरोप पुसून टाकतं. दार बंद. आपली ही गोळी काय करते, तर त्या पुसणाऱ्याला बांधून ठेवते. निरोप टिकतो. हे एन्झाइम लिंगाच्या रक्तवाहिन्यांत पुष्कळ असतं, म्हणून मुख्य परिणाम तिथं. पण ते इतरत्रही असतं. म्हणून डोक्यातल्या वाहिन्या फुगतात आणि डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, नाक चोंदतं. जठराच्या तोंडाची झडप सैल होते आणि आम्ल वर येतं. माझी छातीतली जळजळ ती हीच. डोळ्याच्या पडद्यात याच एन्झाइमचा एक भाऊबंद असतो, पीडीई-6. गोळी त्यालाही थोडं बांधते, आणि काही तास जग निळसर दिसतं. उजेड डोळ्यांना बोचतो. बहुतेकांच्या बाबतीत हे सगळं काही तासांत आपोआप ओसरतं. याला घाबरायचं कारण नसतं, पण हे होऊ शकतं हे आधी माहीत असावं लागतं. नाहीतर माझ्यासारखा माणूस ट्यूबलाइटकडे बघून कलमा पढायला लागतो.

आता जिभेखालची गोळी. तीही हेच दार उघडते, पण दुसऱ्या टोकानं. ती नायट्रेट वर्गातली. तिच्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, म्हणजे निरोपच जास्त येतात. एकानं निरोपांचा पूर आणायचा आणि दुसऱ्यानं पुसणाऱ्याला बांधून ठेवायचं. सगळी दारं एकदम सताड उघडी. मग पाटातली पाण्याची पातळी खाली जाते. तसा रक्तदाब कोसळतो. मेंदूला रक्त पुरत नाही, खुद्द हृदयाच्या वाहिन्यांना पुरत नाही. माणूस जीवानिशी जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान 24 तास नायट्रेट चालत नाही. टॅडालाफिल म्हणून या गोळीची एक बहीण आहे. 2003 पासून ती अमेरिकेच्या बाजारात आहे, आपल्याकडेही मिळते, आणि तिचा अंमल 36 तासांपर्यंत राहतो. ती घेतली असेल तर 48 तास. आणि जो माणूस रोज नायट्रेट घेतो किंवा छातीत दुखेल तेव्हा जिभेखाली ठेवतो, त्यानं या घराण्यातली कुठलीही गोळी घ्यायचीच नाही. आज घेतली, उद्या नायट्रेट, असला हिशेबही करायचा नाही, कारण छातीत कळ वेळ सांगून येत नाही. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर घरातली डबी उघडू नका. दवाखान्यात जा, आणि गाडीतून उतरता उतरता सांगा की मी अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे.

गंमत अशी, की ही दोन औषधं एकाच घरची आहेत. आल्फ्रेड नोबेलनं ज्या नायट्रोग्लिसरिनपासून डायनामाइट बनवलं, तेच नायट्रोग्लिसरिन त्याच्या हृदयदुखीवर डॉक्टरांनी त्याला लिहून दिलं होतं. नोबेल 1896 साली वारला. पुढं शंभरेक वर्षांनी, 1998 साली, नायट्रिक ऑक्साइडचं हे निरोपाचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्याच्याच नावाचं पारितोषिक मिळालं. आणि त्याच 1998 च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला मान्यता मिळाली. ते औषधही मुळात हृदयासाठीच शोधलं जात होतं. इंग्लंडमधल्या सँडविच नावाच्या गावी, फायझरच्या प्रयोगशाळेत. हृदयशूळावर त्याचा फारसा उपयोग होईना. पण चाचणीतल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम कळवला. म्हणजे आपण ज्याला दुष्परिणाम म्हणतो, त्याच्यातूनच या औषधाचा जन्म झाला. आपल्याकडे 2001 च्या सुमाराला देशी कंपन्यांनी ती स्वस्तात आणली आणि ती पुडीत बांधून मिळू लागली.

त्या रात्रीचं पुढं सांगतो. पोरीनं रक्तदाब पाहिला, कमी होता. मला आडवं केलं, पायाखाली उशा दिल्या, आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला बेगमनंच सांगितलं, माझ्याआधी. तो हसला नाही. "किती वाजता? किती मिलिग्रॅम? नायट्रेट दिलं का?" एवढंच. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. हृदयाचं काही नव्हतं. पहाटे ट्यूबलाइट पांढरी झाली. बेगम स्टुलावर बसली होती. म्हणाली, "पहले बोलना था ना. मैं मांगी थी क्या वो गोली?" मी गप्प. मग तिनं सांगितलं, की सबंध वर्षभर तिला वाटत होतं, माझं मन तिच्यावरून उडालंय. कुणी दुसरी आहे का, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. एवढं सगळं एका भिंतीच्या अंतरावर चाललं होतं.

नंतर मी रीतसर डॉक्टरकडे गेलो. मिरजेतच. त्यांनी गोळीचं नाव काढायच्या आधी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी पाहिली, कोलेस्टेरॉल पाहिलं, पट्ट्यावर चालवून हृदयाची चाचणी घेतली. मी म्हटलं, तक्रार खाली आहे, तुम्ही वर काय तपासता? ते म्हणाले, "लिंगाच्या रक्तवाहिन्या 1-2 मिलिमीटरच्या. हृदयाच्या 3-4 च्या. चरबीचा थर आणि साखरेचा मार दोन्हीकडे सारखाच. आधी कुठली तुंबेल, सांगा." पुष्कळ पुरुषांत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन-पाच वर्षं आधी येते. म्हणजे निसर्ग आगाऊ चिठ्ठी पाठवतो आणि आपण ती चोरून आणलेल्या गोळीखाली दाबून ठेवतो. माझी साखर भलतीच वाढलेली निघाली. हृदय ठीक होतं. सहा महिने साखरेवर काम केलं, चाललो, सिगारेट सोडली. मग डॉक्टरांनी स्वतः 25 मिलिग्रॅम लिहून दिली. हो, आज मी ती कधी कधी घेतो. चिठ्ठीवर, हलक्या जेवणानंतर, आणि बेगमला सांगून. तेव्हा गोळीविरुद्ध माझी तक्रार नाही. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, ती बहुतेकांना नीट चालते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 40 ते 70 वयाच्या पुरुषांपैकी 52 टक्क्यांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात आढळली होती. म्हणजे निम्म्यांना. त्या निम्म्यांनी काय सांगलीला जाऊन टपरीवर चहा पीत उभं राहायचं?

काही गोष्टी क्वचित होतात, पण झाल्या तर तासाचा हिशेब असतो. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो आणि आतले पेशीजाल कायमचे मरतात. लाजेनं सकाळ केली, तर ज्या गोष्टीसाठी गोळी घेतली तीच कायमची जाऊ शकते. एका डोळ्याची नजर अचानक गेली किंवा एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर. नजरेच्या इशाऱ्याची भर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 मध्ये घालायला लावली, कानाच्या इशाऱ्याची 2007 मध्ये. टॅडालाफिलनं कंबर आणि पोटऱ्या दुखतात. तेही दुसऱ्या दिवशी, त्यामुळे माणूस त्याचा संबंध गादीशी जोडतो. आमच्या वयात आणखी एक सापळा आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी पुष्कळांना चालू असते. तीही वाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र झाल्या तर सजद्यातून उठताना किंवा रात्री लघवीला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. नात्यातले एक बुजुर्ग असे मोरीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. मोरी ओली होती, एवढंच सगळ्यांना सांगितलं गेलं. बुरशीवरच्या आणि एचआयव्हीवरच्या काही औषधांनी या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून डॉक्टरला सगळ्या गोळ्यांची यादी द्यायची. यादीतून एक गोळी लपवली तर बाकीच्या यादीला अर्थ राहत नाही.

आता त्या दुसऱ्या परवानगीचं. मी दवाखान्यातून आल्यावर दोन दिवसांनी भाईजान वर आले. गुडघे धरत जिना चढून. एरवी ते मला खाली बोलावतात. बसले, पाणी प्यायले, दार लोटून घेतलं. मग बंडीच्या खिशातून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. वर हिरव्या पानांचं चित्र. 'शंभर टक्के जडीबुटी, कोणताही दुष्परिणाम नाही.' हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसतात त्यांच्यातल्या एकाकडून घेतलेली. म्हणाले, "तेरी वाली तो अंग्रेजी थी. ये तो चलती ना मेरे कू?"

मी त्या डबीकडे बघत राहिलो. आमच्या घरात हकिमांबद्दल आदर आहे; अब्बांचा पोटशूळ एका हकिमांनीच बरा केला होता. पण शिकलेला हकीम वेगळा आणि तंबूवाला वेगळा. कामशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. हमदर्द दवाखान्यानं त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. 1959 च्या निकालात काही तरतुदी गेल्या, पण बंदी मुख्यतः टिकली. आणि रेल्वेच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंती अजून तशाच रंगलेल्या आहेत. जाहिरातीहून मोठा धोका डबीच्या आत असतो. निव्वळ वनस्पतीचं म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी औषधांत, लेबलावर न लिहिता, चक्क सिल्डेनाफिल मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडलं आहे. किती मिसळलंय याचा काही हिशेब नाही. हृदयाचा रुग्ण बिचारा इंग्रजी गोळी नको म्हणून झाडपाला घेतो, आणि आत तीच गोळी असते. उशाशी सॉर्बिट्रेट असतंच.

मी म्हटलं, "भाईजान, डॉक्टर कू पूछेंगे." ते म्हणाले, "बच्ची को मालूम नहीं होना." ती पोर म्हणजे त्यांचीच मुलगी. तिला कसं विचारणार?

त्यांचे हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला. आम्ही दोघं भाऊ सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. डॉक्टरांनी डबी हातात घेऊन फिरवून पाहिली आणि विचारलं, "सुरू केलंय का?" भाईजान म्हणाले, "नाही साहेब, विचारून घेऊ म्हटलं." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नायट्रेट चालू आहे तोवर ही डबीही नाही आणि कुठलीही तसली गोळीही नाही. दुसरे उपाय असतात, त्यासाठी वेगळे तज्ज्ञ असतात, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या, बोलू. डबी त्यांनी ठेवून घेतली.

परतीच्या गाडीत भाईजान खिडकीशी बसले. रुकडी गेलं तरी बोलेनात. मला वाटलं, दम लागलाय. मग बाहेर बघतच म्हणाले, "तीन महिने से खा रहा था मैं. हफ्ते में दो."

मला त्यांच्या दोन चकरा आठवल्या. एकदा अंगणात, एकदा मशिदीच्या पायरीवर. उपाशीपोटी चक्कर आली, असं घरात ठरलं होतं. मी विचारलं, "और जबान के नीचे की?"

"एक बार रखी थी. वो पायरी वाले दिन."

गाडी हातकणंगल्याला थांबत होती. मी त्यांची पिशवी उचलली. म्हटलं, "उतरो. वापस जाते." ते "उद्या फोन करू" म्हणाले, "तिकीट मिरजेचं आहे" म्हणाले. मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा उठले. कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीला पाऊण तास होता. फलाटावर एक पेरूवाली बसली होती. भाईजाननी दोन पेरू घेतले, एक मला दिला, आणि बाकावर बसून मला विचारलं, "डॉक्टर के सामने तू बोलेगा, या मैं बोलूं?"